पाठचा

रात्री साडेदहाला दार वाजलं.
दारात देकुन. अकरा वर्षांनी.
सदऱ्याच्या खिशात चिनी मातीचा चमचा,
आईचा, दांड्याला टवका उडालेला.
"मेइलियान नानचांगला गेलीय, मुलीकडे," म्हणाला.
"उन्हाचं अंगात बसलंय. आणि माझा हात
तिथवर पोचत नाही."

तेवढंच.
ना वडिलांच्या भट्टीचा विषय,
ना त्या कागदाचा
ज्यावर माझा शिक्का त्यानंच उमटवला होता.

खुर्ची उलटी करून बसला,
सदरा काढला, कपाळ लाकडावर टेकवलं.
अकरा वर्षं त्यानं मला पाठ दाखवली होती.
आज ती मला नीट दिसली.

वाटीत चहाच्या बियांचं तेल घेतलं.
चमचा बुडवून मानेपासून खाली ओढला,
पुन्हा मानेपासून खाली.
वर-खाली करायचं नसतं.
आई ओरडायची, "भांडं घासतोयस का रे?"
आधी मणक्याच्या दोन्ही बाजूंनी,
मग फासळ्यांमधून तिरपं, माशाच्या काट्यासारखं.

पहिल्या दहा-बारा हातांत काहीच नाही.
तेलकट, सैल पडू लागलेली कातडी,
डाव्या खांद्यावर घट्टा.
कच्च्या वाट्यांनी भरलेली लांब फळी
याच खांद्यावर तोलत तो गल्लीतून जायचा
आणि मी पुढे पळायचो, सहा वर्षांचा,
"बाजूला व्हा! बाजूला व्हा!"
त्या फळीवरची एकही वाटी
कधी पडली नाही.
ओरडायचं काम माझं होतं,
म्हणून अर्धी मजुरी माझी, असं तो सांगायचा.
द्यायचाही.

मग उमटू लागलं.
तिळाएवढे ठिपके, मग त्यांची रांग,
मग दाट, काळपट लाल.
याला म्हणतात शा.
आमच्याकडे वाळूलाही शाच म्हणतात.
कुठून येते ही वाळू माणसाच्या आत,
कोण टाकतं मूठ-मूठ?

पुतणी परिचारिका आहे (तिनं कधी भांडण पाळलं नाही).
ती फोनवर म्हणते, "काका, कातडीखालच्या
बारीक रक्तवाहिन्या फुटतात, बाकी काही नाही."
असेल.
पण तो लाल मला ओळखीचा होता.
तांब्याची झिलई भट्टीत कधी राखाडी होते, कधी यकृतासारखी,
आणि शंभरातल्या एखाद्या सुरईवर
अशी उजळून येते की जुने कारागीरही
हात लावायच्या आधी थांबतात.

"जोरात," देकुन म्हणाला.
मी जोर लावला.
"अजून."
मग मात्र मी हात आवरला नाही.
कागद होता त्या हातात, शिक्का होता,
वडिलांच्या तेराव्या वर्षाला
दोन वेगळ्या वेळी कबरीवर गेलेले आम्ही होतो.
त्यानं हूं की चूं केलं नाही.
फक्त खांद्याच्या पात्याखाली एकदा श्वास अडकला
आणि पोटातून असा ढेकर आला
की शेजारचं कुत्रं भुंकलं.
दोघांनाही हसू फुटलं होतं.
दोघांनीही ते गिळलं.

नंतर वारा लागू द्यायचा नसतो.
जुलैची रात्र, खिडक्या बंद, पंखा बंद,
आम्ही समोरासमोर कोमट पाणी पीत
घामानं निथळत बसलो.
त्यानं विचारलं, "छत गळतं का अजून?"
मी म्हणालो, "गळतं."
बाराच्या सुमारास उठला.
चमचा टेबलावरच राहिला.
विसरला की ठेवून गेला,
मी हाक मारून विचारलं नाही.

सकाळी कारखान्यात कपडे बदलताना
एका नव्या पोरानं ती पाठ पाहिली म्हणे.
"राओ मास्तर! कुणी बडवलं एवढं?"

"भावानं," देकुन म्हणाला,
"माझ्या पाठच्या."
आणि सदरा घालायला
उगाच वेळ लावला.