वलांडी

पोलिसांनी विचारलं, सुरुवात कुठून झाली?
म्हटलं, साहेब, वासापासून.

दुमिंगच्या वांग्यांना लागून आमची बोंबलांची वलांडी,
चाळीस वर्षं.
वारा फिरला की त्याची रेजिन धाडकन खिडकी लावायची
आणि नाताळात त्याच खिडकीतून
फडक्यात बांधलेले गरम फुगे द्यायची.

मग गोराईच्या खाडीवर पूल होणार म्हणे.
गुंठ्याचा भाव सातपट.
मोजणीवाल्यांनी दगडांना चुना फासला,
दुसऱ्या दिवशी दगड हातभर सरकलेले.
त्या आठवड्यात वासालासुद्धा सर्व्हे नंबर मिळाला.

‘तुम्ही लोक,’ दुमिंग म्हणाला.
माझ्या बापाला खांदा दिलेला माणूस
माझ्याशी पहिल्यांदा अनेकवचनात बोलला.
मीही बोलले. जास्तच बोलले.

विहिरीत रॉकेल कोणी ओतलं
मला आजही माहीत नाही.
दोन्ही पाड्यांना मात्र
त्याच रात्री माहीत होतं.

साहेबांनी लिहिलं, धार्मिक तेढ.
पाच अक्षरं.
मी खाली सही केली, चांगुणा हरी भानजी,
आणि पलीकडे बोरिवलीचे दिवे लागले.

परवा वलांडी रिकामीच होती,
नुसते बांबू.
वारा फिरला.
रेजिनने उठून खिडकी लावली.