दोन्ही डावे

पिशवी चिकटवून आणली मार्केट यार्डातून,
जिथं किलोकिलोच्या गुळाच्या भेल्या
पाकिटात बंद होतात, त्याच गरम पट्टीवर.
"ह्यात काय भरणार?" तिथल्या पोरानं विचारलं.
मी म्हटलं, नायट्रोजन.
"म्हंजे हवाच की!"
पैसे मोजून घेतले त्यानं, पण पटलं नाही त्याला.

हातमोजे काळे, जाड, खांद्यापर्यंतचे,
गोकुळ शिरगावच्या एका बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यातले.
पिशवीला भोकं पाडून, रिंगा बसवून,
टेपचे चार वेढे देऊन झाल्यावर
सायली नेजदार हळूच म्हणाली,
ताई, हे दोन्ही डावे आहेत.

दुसरे आणायला वेळ नव्हता.
आत, चेंबरच्या तळाशी,
नखाएवढ्या काचेवर कॅल्शियमचा थर पडून होता.
अकरा महिने लागले होते तो नीट बसायला.
बुधवारी दांड्याच्या चिमट्यातून सुटला, बस्स.
टॉर्च मारला की खिडकीतून दिसायचा,
विहिरीत पडलेल्या भांड्यासारखा चंदेरी,
आणि विहिरीत पाणी नाही,
काहीच नाही, हवासुद्धा.

ऑक्टोबर. पाऊस गेला, दमट मागं राहिली.
भिंतीला पाठ टेकली तर शर्ट ओला.
ही हवा थोडा वेळ जरी आत शिरली,
तर अकरा महिन्यांचा होणार चुना.
साधा. मगदूम मामांच्या तंबाखूच्या डबीतला.

मामांनी सिलिंडरची चावी फिरवली.
"खिडकी उघडी ऱ्हाऊ दे. ह्याला वास नसतोय,
माणूस झोपल्यागत पडतंय."
पिशवी फुगली. आम्ही दोघींनी
कोपरांनी, छातीनं, गालानं दाबून ती रिकामी केली.
पुन्हा फुगवली. पुन्हा दाबली.
दर वेळी जुन्या हवेचा दहावा हिस्सा उरतो,
मग दहाव्याचा दहावा, मग त्याचा.
शून्य काही येत नाही.
तिसऱ्यांदा मामा म्हणाले, "लई झालं",
आणि आम्ही त्यालाच शून्य धरलं.
मग चेंबरमध्येही तोच वायू सोडला, सावकाश,
काटा चढेपर्यंत.

डावा हात सरळ गेला.
उजवा उलटा घातला,
तळव्यावर मोज्याची पाठ, पाठीवर मोज्याचा तळवा.
लहानपणी उजव्या पायात डावी चप्पल घालून
अंगणभर फिरायचे, तसं वाटलं;
आई म्हणायची, पाहुणे येतात अशानं.

बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीनं, पाव पाव फेरा.
सोळा.
हा फ्लँज उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांनी कातला.
त्यांचे आजोबा गावोगाव सुऱ्यांना धार लावत.
"मी पण धारच काढतो," ते म्हणाले होते,
"फक्त गोल. आणि माणसाला लागत नाही,
तांब्याला चावते."
आता ती धार तांब्याची रिंग सोडत नव्हती.
उलट्या बोटांनी मी स्क्रू ड्रायव्हर घातला,
पिळला,
टच् असा आवाज आला
आणि सायलीनं श्वास रोखला,
जणू तिचाच श्वास आत जाणार होता.

कोपरापासून घाम ओघळत बोटांच्या टोकांत साचला.
मला जाणवत होतं, तिथं पाणी आहे,
माझंच, खारट, कोमट,
आणि त्या थरात आणि त्या पाण्यात
रबराचा एक मिलिमीटर.
सगळ्या कोल्हापूरची हवा बाहेर ठेवली
आणि मी स्वतःला आत घेऊन गेले.

चिमटा डाव्या हातात दिला.
पहिल्यांदा निसटला.
दुसऱ्यांदा काच आडवी झाली, उचलली गेली.
कडेला एक पांढुरका ठिपका, मोहरीएवढा.
आधीचा की आत्ताचा, कळेना.
बाकी सगळं चंदेरी.
बरणीत ठेवली. झाकण फिरवलं, उलट्या हातानं,
त्यामुळं आधी चुकीच्या दिशेला.

हात बाहेर काढले तेव्हा बोटं सुरकुतलेली होती,
धुणं धुतल्यासारखी.
खिडकीतून वारं आलं, त्यात कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास,
मी ते पोटभर घेतलं.
मामांनी डबी काढली होती,
अंगठ्याच्या नखावर चुना घेतला होता,
त्याच्याकडं क्षणभर बघितलं
आणि ते बाहेर जाऊन मळायला लागले.