चहाचा हिशेब

एकतीस वर्षं झाली, इतिहास लिही म्हणाले.
कुणाचा लिहू?
आमच्याकडे नाव अर्धंच सांगायचं असतं
आणि ऐकलेलं खोलीतच सोडून चपला घालायच्या.
फोटो नाहीत. ठराव नाहीत. अध्यक्ष कधी नव्हताच.
आहे ती ही लाल बांधणीची वही,
कोपरा वाळवीने खाल्लेली,
वेंगुर्ल्याच्या मंगळवारांची.

पहिलं पान, लुदोविकच्या अक्षरात:
दूध पाव लिटर. साखर एक पुडी. ग्लास दोन.
जागा बर्फाच्या कारखान्यामागची,
जिथे फुटक्या लाद्या टाकत.
तो तिथला मिस्त्री,
गोव्याहून एक पत्रक खिशात घालून आलेला.
दुसरा बाबल, तांडेल,
होडीचं इंजिन विकून प्यायलेला.
समोरासमोर बसले. बोलायचं काय, ठाऊक नव्हतं.
शेवटी बाबल म्हणाला,
"आजचो दिवस काढूया. उद्याचो उद्या बघूया."
पत्रकातही तेच होतं, इंग्रजीत,
आणि बाबलला वाचता येत नव्हतं.

पुढे अकरा मंगळवार ग्लास दोन.
मग एक.
एक.
एक.
त्यापुढची ओळ: ग्लास फुटला.
त्यापुढची: नवीन ग्लास, बाबलकडून.

पावसाळ्यात आकडे वाढतात.
होड्या झापांनी शाकारलेल्या, जाळी माळ्यावर,
हातांना काही काम नसतं.
नारळी पौर्णिमा झाली की ग्लास निम्मे.
कोण दर्यात, कोण गुत्त्यावर,
वही सांगत नाही.

फयानच्या आठवड्यात दूध नाही.
मेणबत्त्या, एक पुडकं.
त्या रात्री कुणी आपलं काही सांगितलं नाही.
दोन होड्या यायच्या होत्या, एक आली.
उजाडेपर्यंत सगळे बसून राहिले,
कारण घराच्या वाटेवर तीन दुकानं होती.

पान एक्केचाळीस: कप एक, बशीसकट.
तोवर कारखाना बंद पडून
आम्ही शाळेच्या पडवीत आलो होतो.
वीस वर्षं बायका पायरीवर बसलेल्या पाहिल्या,
नवऱ्यांची वाट बघत.
कस्तुरा मात्र पाटी बाहेर ठेवून आत आली,
अंगाला तारल्यांचा वास, आणि म्हणाली,
"मियां कोणाची बायल म्हणान नाय इलंय.
पितंय ती मियांच."
कुणीतरी धावत हेडमास्तरांकडून कपबशी आणली.
तिने ती पाहिली, बाजूला सारली.
पुढच्या मंगळवारपासून ग्लास.

बाबल गेला तो साप चावून, माडाच्या बुंध्याशी.
त्याचा मुलगा स्मशानात येईल त्याला सांगत होता,
"कोरडो होतो. अठरा वर्षां कोरडो."
कुणी विचारलं नव्हतं.
वहीत त्या दिवशी: हार नाही. साखर दुप्पट.

मग लुदोविकचं अक्षर हलायला लागतं.
"ही थरथर म्हातारपणाची रे, घाबरू नको,"
हसला, आणि वही माझ्याकडे सरकवली.
तिथून अक्षर माझं.
माझी पहिली ओळ त्याच्या हातची आहे, खूप मागे:
ग्लास नऊ, नऊ खोडून दहा.

आता जेटीजवळ रिसॉर्ट झालंय.
बारचा निळा दिवा आमच्या खिडकीत पडतो.
चौघांना मधुमेह, त्यांची किटली वेगळी.
कस्तुरा दूध आणते आणि पैसे घेत नाही,
त्यामुळे हिशेब कधी जुळत नाही.

आज: दूध दोन लिटर. ग्लास चोवीस.
माणसं मोजली तर तेवीस.
चोविसावा दारात आहे,
हेल्मेटसुद्धा काढलेलं नाही.
मी काही म्हटलं नाही.
ग्लास उंबऱ्यावर ठेवलाय,
साय धरायला लागलीय.