नखं

दर गुरुवारी दुपारी साडेतीनला
मी छावनीतून सिटी बस धरते.
पर्समध्ये नेलकटर, जुना टॉवेल,
खोबरेलाची बाटली (झाकण सैल, म्हणून पिशवीत पिशवी)
आणि सुटे पैसे.
बायबल नसतं.
पाळकसाहेबांनी विचारलंही एकदा.
म्हटलं, वजन होतं हो.

खरं ते सांगितलं नाही:
पहिल्या आठवड्यात नेलं होतं,
आणि ते उशाशी ठेवलेलं बघून
खाटेवरच्या बाईने पाय
हळूच पांघरुणात ओढून घेतले होते.

निवृत्त झाले तेव्हा शाळेने भिंतीवरचं घड्याळ दिलं,
एकतीस वर्षांच्या हजेरीपटांबद्दल.
त्याच्याकडे बघत वर्षभर विचारत राहिले,
प्रभू, आता कशासाठी?
उत्तर येत नव्हतं.
सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं यायचं,
मी ओला-सुका वेगळा करून द्यायची,
की माझं दिवसाचं काम संपलं.

मग जाऊबाई पडल्या. खुब्याचं हाड.
सहा आठवडे सरकारी दवाखान्यात.
सुई, बेडपॅन, डबा,
सगळं कुणी ना कुणी करत होतं.
नखं तेवढी कुणाच्याच कामात नव्हती.
ती वाढत होती, चादरीत अडकत होती.
माणूस खाटेला खिळला
तरी नखांना कुणी सांगितलेलं नसतं.

शेजारच्या खाटेवरची म्हणाली, बाई, माझीही?

सेवेच्या नावाखाली असलं काही असतं
हे रविवारच्या शाळेत शिकवलं नव्हतं कुणी.
शेव तळायच्या कारखान्यातल्या फुंदीच्या नखांत
बेसन बसलं होतं, अपघाताला महिना झाला तरी.
सियागंजात पोती शिवणारीचा अंगठा
वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवला,
तरी नेलकटर लचकला.
काही जणी हसतात, काहींना गुदगुल्या होतात,
एक जण नुसती रडली. मी विचारलं नाही.

वही ठेवली होती. लपवत नाही.
गुरुवार, चौदा जणी. गुरुवार, नऊ.
नाताळच्या आधी बेरीज केली. बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
डाव्या हाताला कळू नये म्हणतात;
इथे उजवा लिहीत होता
आणि डाव्याने वही धरली होती.

थावरीबाई झाबुआकडची.
पायाला वजन लटकावलेलं, तोंडात तंबाखू,
तो ठेवू नको सांगून नर्स थकलेली.
तिची दहाही बोटं झाली,
टॉवेल गुंडाळत होते,
तेव्हा माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली.
या थंडीपासून डाव्या अंगठ्यात जोर नाही माझ्या;
उजव्या हाताची नखं मी दातांनीच…
असो.

"ला, थारो हाथ दे."

मी हात मागे घेतला.
नको, नको, मला काय झालंय,
अजून पाच खाटा राहिल्यात, बस चुकेल.
बोलता बोलता आवाज ओळखीचा वाटला:
माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस.
इतकी वर्षं वाचत आले ते वचन,
दरवेळी मी टॉवेलच्या बाजूला उभी असायची.
पेत्राच्या जागी
कधी बसलेच नव्हते.

तिने हात सोडला नाही.
कुऱ्हाड धरलेला पंजा तो.
तोंडातला तंबाखू एका गालात सारून
जीभ दाताखाली धरून
एकेक नख ती कापत गेली,
कपड्याची उसवलेली शिवण नीट करावी तशी.
तिचे तुकडे, माझे तुकडे
एकाच टॉवेलात पडले.
बाहेर गॅलरीत झटकले तेव्हा
कुठलं कुणाचं, सांगता आलं नसतं.

बस चुकली. पाच खाटा राहिल्याच.
वहीत काय लिहावं कळेना,
म्हणून नुसती तारीख घातली.

करंगळीचं नख तिने जरा खोलच कापलं होतं.
रात्री पोह्यांवर लिंबू पिळताना झोंबलं.
हात धुतला नाही लगेच.
झोंबू दिलं.