जादा एक

शांभवी, तुझा फोन ठेवल्यापासून
काउंटी म्हणजे काय, ते हिला समजावतोय.
आपला जिल्हा, म्हटलं. मध्ये ह्यूस्टन ठेवायचं,
भोवती सत्तेचाळीस लाख माणसं.
"मग आपल्याहून लई नाहीत की," ही म्हणाली
आणि शेंगा कुटायला बसली.

तुला शाळेत लिहायचंय: इतिहास, भूगोल, लोक.
तुझ्या काउंटीचं मला काही ठाऊक नाही.
इथलं सांगतो. इथलंही खरं तर
एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीपुरतंच ठाऊक आहे,
मास्तर म्हणून माझ्या हाती
शिरगणतीचं दप्तर दिलं होतं तेव्हाचं:
साखर पेठेतली दीडशे घरं
आणि शेवटी गिरणीची लांब भिंत.

भूगोल सोपा.
भीमा वरून येते, सीना बाजूनं,
कुडलला दोघी भेटतात,
आणि आमच्या नळाला पाणी चार दिवसांनी.
काळ्या रानात मंगळवेढ्याची ज्वारी,
नान्नजच्या माळावर माळढोक. तो सोड,
तो दिसला म्हणणाराही आता दिसत नाही.
उन्हाळ्याला वेगळी वही लाव.

इतिहास म्हणशील तर किल्ला आहे, गिरण्यांचे भोंगे होते.
पण मला आठवतं ते सेटलमेंट.
इंग्रजांनी काही जातीच जन्मानं चोर ठरवल्या,
तारेच्या कुंपणात ठेवल्या, वेळेवर हजेरी.
स्वातंत्र्यानंतर तार निघाली.
मी बदलीवर दोन दिवस तिकडे गेलो
तर भाना काळे नावाच्या म्हाताऱ्यानं
माझ्या काखेतलं रजिस्टर बघितलं
आणि न सांगता अंगणात ताठ उभा राहिला,
हात शिवणीला लावून.
"बसा ओ बाबा," म्हटलं. बसला नाही.
मी उभ्यानंच लिहून घेतलं.

लोक.
नरसम्मा येमूल, विड्या वळणारी, वय अंदाजे पन्नास.
मातृभाषा? तेलुगू.
आणखी येणाऱ्या भाषा? रकाने दोनच.
मराठी लिहिलं, कानडी लिहिलं.
"आणि मैनोद्दीनच्या आईशी मी काय मुक्यानं बोलते का?"
तिनं सुपातला तंबाखू झटकला.
सरकारला दोनच पुरतात, अम्मा.
"मग तुमच्या सरकारला शेजारी नसणार."
हे मी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं.
वरच्या साहेबांनी खोडरबरानं पुसलं.

आता एक गोष्ट, जी तुझ्या पानात घालू नकोस.
अठ्ठावीस फेब्रुवारीच्या रात्री
बेघर माणसं मोजायची असतात.
गिरणीच्या भिंतीला मला सात सापडली.
सातवा फाटक्या सोलापुरी चादरीत,
डिझाइन मोराचं, मोराला मान नव्हती.
नाव विचारलं तर म्हणाला, "जकार्ड."
मागावर होतो म्हणाला की हेच नाव, कळलं नाही.
खोकला फार होता.

नियम असा: एक मार्चचा सूर्योदय.
त्या क्षणी जो जिवंत, तो देशात.
सकाळी फेरतपासणीला गेलो
तेव्हा चादर तोंडावर ओढलेली.
चहावाला म्हणाला, पहाटे गेला.
पहाटे म्हणजे कधी?
तांबडं फुटायच्या आधी की नंतर?
"मास्तर, मी दूध तापवत होतो."

मी बराच वेळ उभा राहिलो,
पेनाचं टोपण दातात धरून.
ऊन भिंतीवरून उतरत त्याच्या पायांशी आलं होतं.
खोडलं नाही मी.

त्या वर्षी जिल्हा बत्तीस लाखांवर गेला.
छापील पुस्तक आलं तेव्हा एकदा
आकड्यावरून नुसतं बोट फिरवलं.

तुझ्या काउंटीत कोण मोजतं, विचार.
आणि सांग, त्यांच्याकडे
सूर्योदय नक्की किती वाजता धरतात.

ही विचारतेय, चटणी पाठवू का.
कस्टमवाले काढून घेतात म्हणे.