तिन्ही इसम एकच

मामा, लाइट अजून तुम्हीच वापरता.
दर महिन्याला आर. बी. तापकीर या नावानं बिल येतं.
तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली,
थकबाकी शून्य.

गेल्या रविवारी मी मनावर घेतलं.
अप्पा बळवंत चौकातून वीस कप्प्यांची फाइल आणली,
यांना म्हटलं, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून द्या.
यांनी काढली,
आणि मॅच बघायला बसले.

पेटीत तुमची पद्धत होती.
लग्नपत्रिकेच्या लखोट्यात घरपट्टी,
चपलांच्या खोक्यात विमा,
दापोडी वर्कशॉपचं निवृत्तीचं पत्र
उपरण्यात बांधलेलं, गाठीशी दोन डांबरगोळ्या
झिजून साबुदाण्याएवढ्या झालेल्या.
कशालाही कसर नाही.
मी मात्र शहाणपणा करून
तुमच्या मृत्यूचा दाखला लॅमिनेट करून आणलेला;
खिडकीतली मुलगी नखानं प्लास्टिक खरवडत म्हणाली,
आतला शिक्का खरा आहे हे कसं कळणार, काकू?

कप्पे भरत गेले.
पोरीचं लसीचं कार्ड, आमचं खरेदीखत,
गॅसचं पुस्तक, तेही तुमचंच.
रोजची भाकरी मी तुमच्या नावावर भाजते.

अडलं ते तुमच्यापाशी येऊन.
जुन्या सातबाऱ्यावर रखमा बाळा.
रेशनकार्डावर रखमाजी बाळाजी.
पेन्शनच्या पुस्तकात आर. बी.
जन्मतारीख तेवढी सगळीकडे एक जून,
शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली.
तुम्ही म्हणायचात, आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला,
सुईणीचे काय हाल झाले असतील!

शिवाजीनगरला कोर्टाबाहेर
छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या बाईनं
माझ्याकडे न बघताच टाइप केलं:
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
वरील तिन्ही नावे एकाच इसमाची आहेत.

थांबा, म्हटलं मी.
का थांबा, ते मला सांगता येईना.

रखमा, ज्यानं धनकवडीचा मळा गुंठ्यागुंठ्यानं विकला
आणि दर विक्रीनंतर दोन दिवस
ताटावरून उठून गेला.
रखमाजी, रॉकेलच्या रांगेत
मागच्या लेकुरवाळीला पुढं घेणारा,
मग स्वतःचा नंबर यायच्या आत टाकी संपायची.
आणि आर. बी., खाकी कपड्यातला,
ज्याचा माझ्या नवऱ्याशी, पोटच्या पोराशी,
बारा वर्षं अबोला होता.
हे कुठल्या कागदावर नाही.
कुठल्या कप्प्यात घालू?

बाई म्हणाल्या, सही करा, मागं लाइन आहे.
केली.

आता सगळं जागच्या जागी आहे.
कुठं काय, याची यादी डायरीच्या शेवटच्या पानावर,
झेरॉक्सचा एक संच नणंदेकडे हडपसरला,
लॉकरची किल्ली तूरडाळीच्या डब्यात.
सांगून ठेवलेलं बरं.

लाइटचं नाव बदलायच्या अर्जावर
फक्त यांची सही हवी होती.
यांनी अर्ज दोनदा वाचला. पेन हातात घेतलं.
पेन चालतंय का, ते पेपरच्या कडेला बघितलं.
चालत होतं.
मग म्हणाले, राहू दे की,
येतंय ना बिल वेळेवर.

विसाव्या कप्प्यात ठेवलाय तो अर्ज,
एक नवी डांबरगोळी टाकून.
त्या कप्प्यावर मी चिठ्ठी लावलेली नाही.

या महिन्याचं तुमचं बिल, मामा,
एक हजार एकशे दहा.
भरते उद्या.