तेरा दिवस

घाटंजीच्या फोटो स्टुडिओत
लग्नाचे अल्बम करायचा कंप्यूटर,
रात्री शटर अर्धं पाडलं की आमचा.
खुशालने तेंदूपत्त्याच्या पैशातून गेम घेतला,
नागपूरला मावशीच्या वायफायवर उतरवून
हार्ड डिस्क मांडीवर धरून एसटीने आणला.

पहिल्याच गावात घोडा वेशीत अडकला,
धड बाहेर, मुंडकं भिंतीत.
विहिरीजवळच्या बाईला चेहराच नव्हता,
नुसते डोळे आणि दात, हवेत.
खुशाल म्हणे, "काहून वं माय, लय घाई होती का यायची?"
मी काही बोललो नाही.
मीही मिटल्या डोळ्यांच्या नवरीला
दुसऱ्या फोटोतले डोळे लावून देतो,
अल्बम गेल्यावर, तक्रार आली तर.

मग पुलाच्या अलीकडे जमीन फाटली
आणि आम्ही खाली पडलो.
पडतच राहिलो. वर
अख्खं गाव खालून दिसत होतं:
नदीचा तळ काचेसारखा,
झाडांना मुळं नाहीत,
माणसांचे नुसते तळपाय, चालणारे.
चहा निवला. कोणी बटन दाबलं नाही.

दुरुस्ती आली अडतीस जीबीची.
दोन सिम, दीड-दीड जीबी रोजचे.
"तेरा दिवस," खुशाल म्हणे,
"तेरवीच हाय म्हण ना बे."

चौदाव्या रात्री घोडा सुटला.
बाईला चेहरा आला. बरा होता,
पाहून विसरावा असा.
पुलाच्या अलीकडे आम्ही
येरझारा घातल्या, उड्या मारल्या.
जमीन पक्की.

खुशाल अजून कधीकधी
तिथे घोडा थांबवतो,
वजन टाकून पाहतो.